तिसऱ्या डिस्कची पूजा

माझ्या स्वभावात माफी नाही. आमच्या घरात ती सगळी बाबांच्या वाट्याला गेली. चौथीत असताना वर्गातल्या एका मुलीनं माझं कर्कटक नेलं आणि परत दिलं नाही. ती आता अकोल्यातच असते, तिला दोन मुलं आहेत, बाजारात दिसली की हसते. मी अजून हसत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याकडून कोणी थोरपणाची अपेक्षा करणार नाही.

मी अमरावतीच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. सांभाळते म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून ते सर्व्हरपर्यंत सगळं. घर अकोल्याचं, मोर्णेच्या पलीकडे जुन्या शहरात. बाबा तिथे पौरोहित्य करतात. आई गेल्यापासून एकटेच असतात, म्हणून मी दर शनिवारी एसटीनं घरी जाते आणि सोमवारी सकाळी परत येते.

असा खुनशी स्वभाव घेऊन तू नोकरीत टिकणार नाहीस, असं मला नातेवाईक सांगायचे. झालं उलटंच. या कामाला राग धरणारं माणूसच लागतं. आमच्या दवाखान्यातलं एकेक कुलूप कुठल्या ना कुठल्या चोरीनंतर लागलेलं आहे, आणि कोणत्या चोरीचं कोणतं कुलूप हे मला तोंडपाठ आहे.

मी लागले तेव्हा पेनड्राइव्हचे दिवस होते. औषध कंपनीचा एक प्रतिनिधी डॉक्टरांना फिल्म दाखवायला पेनड्राइव्ह घेऊन आला आणि संध्याकाळपर्यंत आमच्या सगळ्या फायली शॉर्टकट होऊन बसल्या. क्लिक केलं तरी काही उघडेना. तीन दिवस मी ते निस्तरलं. चौथ्या दिवशी नळाच्या गळतीला लावतात ते सील आणलं आणि सर्व्हर सोडून प्रत्येक कॉम्प्युटरची पेनड्राइव्हची भोकं बुजवून टाकली. तो प्रतिनिधी पुन्हा आला तेव्हा त्याला मी सगळ्या वेटिंग रूमसमोर खिसे उलटे करायला लावले. त्यानं कंपनी बदलली असं नंतर कळलं. मला आनंद झाला.

मग पासवर्ड. सगळ्या दवाखान्याचा पासवर्ड एकच होता, देवीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. एक जण भांडून नोकरी सोडून गेला आणि त्यानं परतवाड्याला घरी बसल्या बसल्या आमचा महिन्याचा ड्यूटी चार्ट पुसून टाकला. तेव्हापासून ज्याचा त्याचा पासवर्ड वेगळा झाला. सिस्टरांनी ते चिठ्ठ्यांवर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवले. मी राउंड घ्यायचे आणि चिठ्ठ्या सोलून काढायचे.

जगाची गोष्ट वेगळी नाही, हे मला वाचून कळत गेलं. फार पूर्वी अमेरिकेत एका विद्यार्थ्यानं प्रयोग म्हणून एक प्रोग्राम सोडला. तो त्यालाच आवरेना आणि जोडलेली यंत्रं धडाधड ठप्प झाली. तेव्हा कुठे लोकांना सुचलं की अशा वेळी कोणाला फोन करायचा याची तरी सोय असावी. एका मोठ्या दुकानाच्या जाळ्यात चोर शिरले ते एसी दुरुस्तीच्या कंत्राटदाराच्या वाटेनं. त्यानंतर बाहेरच्या माणसाला साऱ्या घराची किल्ली देऊ नये हे शहाणपण आलं. मग एका वर्षी विलायतेतले दवाखाने एकाच दिवशी बंद पडले. पडद्यावर खंडणीची चिठ्ठी, आत सगळ्या फायलींना कुलूप, आणि दारात आलेल्या पेशंटला परत पाठवायची वेळ. ज्यांनी फायलींची वेगळी प्रत दूर कुठे ठेवली होती ते लवकर उभे राहिले. ते वाचून मी दुसऱ्या दिवशी ट्रस्टच्या सचिवांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले आणि तीन डिस्क मागितल्या.

सचिव म्हणजे रिटायर प्राध्यापक. दवाखान्यात सगळे त्यांना साहेब म्हणायचे. चष्म्याच्या वरून बघायची सवय.

"आपण काय बँक आहो काय?" ते म्हणाले. "आपल्याकडे चोरी कराले कोन येते वं? आला तर ईसीजीचे कागद घेऊन जा म्हणा त्याले."

"साहेब, तीन डिस्क लागतात."

"एक ठीक हाये. तीन काहून?"

मी कारण सांगितलं. एक डिस्क सर्व्हरच्या खोलीत, एक रक्तपेढीच्या कपाटात आणि एक दवाखान्याच्याच काय, अमरावतीच्याही बाहेर. अकोल्याला, बाबांच्या देवघराखालच्या कप्प्यात. शनिवारी एक घेऊन जायची, सोमवारी दुसरी परत आणायची. नियम एकच, की तिन्ही डिस्क कधी एका छपराखाली येणार नाहीत आणि प्रत घ्यायची तेवढा वेळ सोडून कोणतीही जोडलेली राहणार नाही. त्यांनी सही केली खरी, पण मीटिंगमध्ये त्याचा विनोद करून ठेवला. "मॅडमच्या तीन डिस्का कोनं पाह्यल्या काय? का त्या अकोल्याले संत्रे नेतात पिशवीत?" लोक हसायचे. मी प्रत्येक हसणारा चेहरा लक्षात ठेवला आहे.

या डिस्कमध्ये सगळंच होतं, पण माझा जीव एका गोष्टीत होता, सिकलसेलच्या रजिस्टरात. आमच्या भागात हा आजार बऱ्याच घरांत आहे. रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, सांधे ठणकतात, रक्त कमी पडतं आणि मग बाहेरून द्यावं लागतं. वारंवार दुसऱ्याचं रक्त घेणाऱ्या माणसाचं शरीर कधी कधी एखाद्या प्रकारच्या रक्तावर राग धरतं, गट जुळत असला तरी. रक्तपेढीच्या डॉक्टरांनी हे मला समजावलं तेव्हा मला ते एका झटक्यात कळलं. घातक भाग पुढे आहे. काही वर्षांनी तो राग तपासणीत दिसेनासा होतो. शरीर विसरलं असंच वाटतं. पण तेच रक्त पुन्हा आत गेलं की त्याला सगळं आठवतं आणि दिलेलं रक्त ते आठवडाभरात फोडून टाकतं. म्हणून कोणाला काय द्यायचं नाही ही जुनी नोंद सांभाळणं एवढंच हातात असतं. ती नोंद आमच्या रजिस्टरात नावासमोर लाल अक्षरात असे.

पूर्वी पेशंटजवळ ही नोंद लिहिलेली पिवळी कार्डं असायची. ती भिजायची, हरवायची, उंदीर खायचे. मी ती बंद केली. "कार्ड नाही आणलं तरी चालतं," मी प्रत्येकाला सांगायचे. "तुमचं सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे." हे वाक्य मी किती अभिमानानं म्हणायचे ते आठवलं की आजही मला माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

हिवरखेडची एक मुलगी यायची. घरचा मळा, त्यात भाजी आणि झेंडू. अकोटच्या कॉलेजात शिकायची, वीस वर्षांची होती. बरोबर तिची आई. रक्त भरून होईपर्यंत मुलगी माझ्या खोलीच्या दारात गप्पा मारायची, सलाईनचा स्टँड हातात धरून.

"मॅडम, माहं रक्त तुमच्या कॉम्प्युटरले पाठ हाये ना?"

"पाठ आहे."

"मंग मले पेपरले तो कॉम्प्युटर द्या ना. मले काहीच पाठ होऊन नाई राह्यलं."

दरवर्षी खंडेनवमीच्या सकाळी मायलेकी अमरावतीच्या बाजारात झेंडू विकायला यायच्या आणि त्याआधी एक पाटी आमच्या दवाखान्यात टाकून जायच्या. आमच्या पूजेला तीच फुलं असायची.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा होते. शेतकरी विळा-कोयता मांडतो, गॅरेजवाला पाने मांडतो. दवाखान्यात आम्ही स्टेथोस्कोप, कात्र्या, बीपीचं यंत्र आणि कॉम्प्युटर मांडतो. हळदकुंकू वाहायचं, झेंडू वाहायचा, आणि मग त्या दिवशी त्या अवजाराला हात लावायचा नाही. तातडीचं काम चालूच असतं, पण ऑफिसचे कॉम्प्युटर चालू ठेवून तसेच सोडायचे आणि नोंदी कागदावर करायच्या. पूजेला बाबा अकोल्याहून यायचे. त्या वर्षी त्यांच्या झोळीत लाल कापडात गुंडाळलेली तिसरी डिस्कही आली. ती का आली हे पुढे सांगते. आली एवढं खरं.

सर्व्हरसमोर पाट मांडला. तिन्ही डिस्क ओळीनं ठेवल्या आणि तिन्ही जोडल्या. डिस्कला एक बारीक निळा दिवा असतो. तो लागलेला असला म्हणजे यंत्र जिवंत दिसतं. बाबांनी मंत्र म्हटले. साहेब हात जोडून उभे होते. निरंजन ओवाळताना तिन्ही दिवे एकदम भराभर लुकलुकायला लागले.

"पाहा," बाबा म्हणाले, "कशी लुकलुकून राह्यली. देवी प्रसन्न झाली."

मीही प्रसन्न झाले. साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, ते खरंच चकित दिसत होते. मला एवढंच हवं होतं. आम्ही खोलीला कुलूप लावलं. त्या दिवशी हात लावायचा नव्हता, दुसऱ्या दिवशी दसरा होता. डिस्क दोन दिवस तशाच जोडलेल्या, झेंडूखाली.

दिवे कशानं लुकलुकत होते ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. पडद्यावर इंग्रजीत चिठ्ठी होती. तुमच्या फायलींना आम्ही कुलूप लावलं आहे, किल्ली हवी असेल तर या पत्त्यावर लिहा. मी डिस्कवरची वाळलेली फुलं हातानं बाजूला केली आणि एक एक तपासली. पहिली बंद. दुसरी बंद. मग तिसरी. तीही बंद होती. आम्ही आरती करत होतो तेव्हा तो चोर आत बसून आमच्या तिन्ही कपाटांना एकामागून एक कुलूप लावत होता.

पुढे तपासणाऱ्यांनी सांगितलं की तो पाच-सहा आठवडे आतच होता. साहेबांनी कुरिअरच्या नावानं आलेला एक मेल उघडला होता, त्यातून शिरला. पडद्यावर धोक्याची लाल सूचना आली तेव्हा त्यांनी ती "डोळ्याले त्रास देते" म्हणून बंद केली आणि मला सांगितलं नाही. चोरानं घाई केली नाही. सुट्टी कधी लागते याची वाट पाहत बसला. प्रत दूर ठेवायची, जोडून ठेवायची नाही, हे शहाणपण मी लोकांच्या नुकसानीतून उचललं होतं, आणि ज्या एका दिवशी ते मोडलं तो एकच दिवस त्याला पुरला.

त्याच सकाळी हिवरखेडची मुलगी आली. दसऱ्याच्या बाजारासाठी तिनं तीन दिवस उन्हात फुलं तोडली होती, पाणी प्यायला फुरसत नव्हती. आता पाय धरून कण्हत होती, ओठ पांढरे पडलेले. रक्त लगेच द्यायला हवं होतं.

रक्तपेढीच्या डॉक्टर माझ्या दारात आल्या. "हिच्या नावासमोर लाल होतं. काय होतं?"

लाल होतं हे मलाही आठवत होतं. काय होतं ते आठवेना. दोन हजार वेळा ते रजिस्टर उघडलं असेल मी, पण ते कॉम्प्युटरला पाठ होतं, मला नव्हतं.

मी तिच्या आईला म्हटलं, "जुनं पिवळं कार्ड घरी असेल. फोन करा, कोणाला तरी शोधायला सांगा."

"कार्ड?" ती म्हणाली. "घट बसायच्या आंधी घर झाडलं ना, तवा जुने कागदं जाळले. तुमीच त सांगतलं होतं मॅडम, कार्ड लागत नाई म्हणून."

तपासणी केली तर काहीच दिसलं नाही. इतक्या वर्षांत राग लपून बसला होता. ज्या मोठ्या दवाखान्यात तो पहिल्यांदा सापडला तिथे फोन केले, पण तिथे जुने कागद शोधायला दिवस लागणार होते, आणि तिच्यापाशी दिवस नव्हते. डॉक्टरांनी गट जुळवून रक्त दिलं. दुसरं काही करताच आलं नसतं. संध्याकाळी मुलगी उठून बसली, तिनं चहा मागितला. मी माझ्या भाड्याच्या खोलीवर जाऊन रडले, सुटलो असं वाटून.

सहाव्या दिवशी तिला ताप आला आणि लघवी काळ्या चहासारखी झाली. नवव्या दिवशी सकाळी ती गेली. तिची आई कॉटच्या लोखंडी पायाला धरून खाली बसली होती आणि एकच विचारत होती, "कोन केलं मॅडम हे? कोन केलं?"

त्या दुपारी मी खंडणीच्या चिठ्ठीतल्या पत्त्यावर मेल लिहिला. किल्ली मागायला नाही. ट्रस्टनं आणि पोलिसांनी मिळून ठरवलं होतं की खंडणी द्यायची नाही, आणि ते मलाही मान्य होतं. मी शिव्या द्यायला लिहिला. तुझ्या घरावर गाढवाचा नांगर फिरो, तुझ्या हाताला किडे पडोत. हे इंग्रजीत बसेना. शेवटी मी सरळ लिहिलं की वीस वर्षांची एक मुलगी होती, ती आज मेली, तिला कोणतं रक्त द्यायचं नाही ते तू कुलपात ठेवलं होतंस.

दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की दवाखान्यांना आम्ही हात लावत नाही, हा दवाखाना आहे हे कळलं नाही, वाईट वाटतं. आणि खाली किल्ली जोडली होती. फुकट.

ती चालली. मी अर्धा दिवस एक एक फाईल उघडत गेले आणि रजिस्टर उघडल्यावर तिच्या नावापाशी थांबले. समोर लाल अक्षरात एक छोटी ओळ होती. वाचायला दोन सेकंद लागत नाहीत. मी ती ओळ तशीच उघडी ठेवून बसले आणि त्या माणसाच्या मरणाची इच्छा केली, मनापासून, देवासमोर बसल्यासारखी. त्यानं माफी मागितली म्हणून माझा राग वाढला. माफी मागता येते एवढं त्याला कळत होतं, म्हणजे तो माणूस होता.

त्या शनिवारी मी बाबांना विचारलं, "तुमच्या पोथ्यांमध्ये शत्रूच्या नाशाचं काही असेल ना? करा ते. मी बसते."

बाबा संध्येचं भांडं पुसत होते. "असते," ते म्हणाले. "पण संकल्पात नाव लागते बेटा. कोनाच्या नावानं करू?"

नाव माझ्याजवळ नव्हतं. मग जे हाताशी होते त्यांच्यावर मी सूड घेतला. पहिले साहेब. नवीन नियम मीच लिहिले, आणि त्यात एक असा की दर महिन्याला मी सगळ्यांना खोटे मेल पाठवणार आणि जो फसेल त्याचं नाव नोटीस बोर्डावर लागणार. साहेबांसाठी मी खास मेहनत घ्यायचे. कधी पेन्शनच्या कागदाचा मेल, कधी नातवाच्या शाळेचा. ते लागोपाठ तीन महिने फसले. तिसऱ्या वेळी त्यांचं नाव मी मोठ्या अक्षरात लावलं. त्यांनी बोर्डासमोर उभं राहून ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पंधरा दिवसांनी राजीनामा दिला. मला वाटलं होतं त्याहून कमी बरं वाटलं.

पण कुलपं पक्की झाली, हे खरं. एक डिस्क आता अशी आहे की ती जोडायला दोन माणसं लागतात आणि दोघांच्या सह्या लागतात. महिन्यातून एकदा प्रत उघडून बघतो, नुसती ठेवून देत नाही. पिवळी कार्डं पुन्हा सुरू केली, प्लॅस्टिकमध्ये घालून, आणि लाल ओळ त्यावर हातानं लिहितो. आसपासच्या दवाखान्यांतली माणसं शिकायला येतात. मी त्यांना सगळं सांगते. त्या मुलीबद्दलही सांगते. एक गोष्ट मात्र मी त्यांना कधी सांगितली नाही.

झाल्या प्रकाराची चौकशी झाली होती. तीन ट्रस्टी टेबलामागे बसले होते आणि प्रश्न एकच होता, तिन्ही डिस्क एकत्र आल्याच कशा? मी तोंड उघडायच्या आधी बाबा उठले. त्यांना साक्षीला बोलावलं होतं.

"मीच सांगतलं," ते म्हणाले. "शस्त्रं सारी एका जागी पाह्यजेत, असं मीच म्हटलं. पोरीनं बापाचं ऐकलं."

कागदावर तेच लिहिलं गेलं, पूजेला बसलेल्या गुरुजींच्या आग्रहामुळे. ते खोटं होतं. पूजेच्या चार दिवस आधी बाबांचा मला फोन आला होता. "ते तिसरं यंत्र इथून आनू काहून?" ते म्हणाले होते. "तूच म्हणते ना का ते तिकडं आनाचं नाही म्हणून. मी त्याच्या नावानं सुपारी मांडतो. जे जवळ नसते त्याच्या जागी सुपारी चालते, शास्त्रात हाये." मी म्हटलं होतं, नाही, आणाच. तीन डिस्का कोनं पाह्यल्या काय, असं विचारणाऱ्या माणसाला मला तिन्ही एका ओळीत दाखवायच्या होत्या, दिवे लागलेल्या. तो हसला होता त्याचा सूड म्हणून.

मी त्या खोलीत गप्प बसले. जुन्या शहरात बातमी पोचायला वेळ लागला नाही. भटजीनं दवाखाना बुडवला म्हणून पोरं चौकात बाबांची नक्कल करायची. लग्नांची बोलावणी कमी झाली. बाबांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. मी त्यांच्यावर चिडायचे, तुम्ही मध्ये का बोललात म्हणून, आणि मनातून त्यांनी तसंच राहावं असं वाटायचं.

मुलीची आई दरवर्षी येते. खंडेनवमीच्या सकाळी, बाजाराला जाण्याआधी, डोक्यावर झेंडूची पाटी. फुलं हे निमित्त आहे. ती पाटी खाली ठेवते, पदरानं तोंड पुसते आणि मला विचारते, "सापडला का तो?" मी म्हणते, नाही. ती मान हलवते आणि जाते.

या वर्षीही आली. बाबा पाटावर सुपाऱ्या मांडत होते. आता डिस्क कुठलीच नसते, तीन सुपाऱ्या असतात. दोन मांडून झाल्या होत्या आणि तिसरी त्यांच्या हातात होती. तिनं पाटी ठेवली.

"सापडला का तो?"

बाबांनी वर पाहिलं. ते काहीतरी बोलणार होते, ते मला कळलं. या वेळी मी त्यांना बोलू दिलं नाही.

"चोर नाही सापडला," मी म्हटलं. "पण त्या डिस्क बाबांनी एकत्र नव्हत्या आणायला लावल्या. ते नको म्हणत होते. मी आणायला लावल्या. तिसरी घरी राहिली असती तर तुमच्या मुलीची नोंद वाचली असती."

"तुमी?"

"मी. साहेबांना दाखवायला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग बाबांकडे.

"तुमच्या बाबानं मले पह्यल्याच साली सांगतलं होतं," ती म्हणाली, "का म्याच आनाले लावल्या म्हणून. हिवरखेडले घरी आले होते. हात जोडले माह्यासमोर. म्या त्याईले माफ केलं. म्हटलं म्हातारं मानूस हाये, देवाचं करून राह्यलं होतं." तिनं पदर खोचला. "तुमाले नाई करत."

मला वाईट वाटायला हवं होतं, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी योग्य माणसावर राग धरला होता. मी म्हटलं, "नका करू."

तिनं खाली वाकून फुलांची पाटी उचलली, डोक्यावर घेतली आणि गेली. बाबांनी हातातली तिसरी सुपारी मांडली. फुलं नव्हती, म्हणून त्यांनी नुसत्या अक्षता वाहिल्या.